नवीन स्लिम टीव्हीवर डायलॉग कळत नाहीत? साउंडबार घ्यायच्या आधी हे सगळं करून बघा

गेल्या दिवाळीत गावी आईआप्पांसाठी ४३ इंची टीव्ही घेतला. चित्र एकदम झकास, आप्पा पहिले दोन दिवस मॅचपेक्षा ग्राउंडचं हिरवं गवतच बघत होते. तिसऱ्या दिवशी आईचा फोन, "अरे ह्यात बोलतात ते कळतच नाही, नुसतं मागचं म्युझिक वाजतंय." म्हटलं आवाज वाढव, तर म्हणे साठवर नेलाय, शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या काय झालं म्हणून. नंतर एकदा सांगत होती की मालिकेत कुणीतरी "साठ हजार दिले" म्हणालं ते तिला "आठ हजार" ऐकू आलं आणि पुढचं सगळं भांडण कशावरून चाललंय तेच तिला कळेना. जुन्या २१ इंची डब्यावर असं कधी झालं नव्हतं, आणि हे बोलताना तिचा आवाज इतका खजील होता, जणू तिच्याच कानात काहीतरी बिघडलंय. ते मला फार लागलं. मग सुट्टी काढून चार दिवस गेलो आणि एकेक गोष्ट बदलून बघितली, बराचसा आवाज एक रुपया खर्च न करता सुधारला. ज्यांनी नुकताच टीव्ही घेतलाय आणि ह्यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितोय. क्रम सोडू नका, कारण बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून म्हणजे साउंडबारच्या (टीव्हीखाली ठेवायचा लांबट पट्टीसारखा स्पीकर) खरेदीपासून सुरुवात करतात.

आधी कारण समजून घ्या, दोन मिनिटं लागतील

जुन्या डब्बा टीव्हीत चित्राच्या दोन्ही बाजूंना जाळी असायची आणि तिच्यामागे स्पीकर, तोंड थेट तुमच्याकडे. मागे दीड फुटाचं खोकं, त्यामुळे आवाजाला भरीवपणा यायला जागा होती. आताच्या टीव्हीला चित्राभोवती बोटभरसुद्धा पट्टी नसते, मग स्पीकर ठेवणार कुठे? ते खालच्या काठाला किंवा पाठीमागे बसवतात आणि त्यांचं तोंड जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे असतं. म्हणजे तुमच्यापर्यंत येतो तो आवाज आधी कुठेतरी आपटून मग येतो. त्यात टीव्हीची जाडी दोन-तीन इंच, स्पीकर छोटे, आणि जाड आवाज काढायला भरपूर हवा ढकलावी लागते ती ह्या छोट्या स्पीकरांना ढकलता येत नाही. म्हणून आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा येतो.

दुसरं कारण कानाशी जोडलेलं आहे आणि हे कळलं की पुढची सगळी सेटिंग आपोआप समजतात. आपण बोलतो त्यातले स्वर म्हणजे अ आ ओ हे खालच्या, जाड आवाजात असतात, ते मोठे असतात, सहज पोचतात. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे, आणि स, श, च, त, क ह्यांचा आवाज बारीक आणि हलका असतो, साधारण २००० ते ४००० हर्ट्झ आणि स-श तर त्याच्याही वर (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक). स्पीकर खाली बघत असला की हाच बारीक भाग आधी हरवतो. वय वाढलं की कानही हाच भाग आधी सोडतात. म्हणजे साठ मधला स गेला की उरतं काय, आठ. आवाज कितीही वाढवा, स्वर आणखी मोठे होतात, स काही परत येत नाही. त्यामुळे आपल्याला आवाज मोठा करायचा नाहीये, साफ करायचाय, हे डोक्यात ठेवूनच पुढे वाचा.

पहिली पायरी: नक्की बिघडलंय काय ते ओळखा

सह्याद्रीवर किंवा कुठल्याही वाहिनीवर बातम्या लावा, जिथे एकच माणूस स्टुडिओत बसून शांतपणे वाचतोय, मागे म्युझिक नाही. नेहमीच्या जागेवर बसून दोन मिनिटं ऐका. बातम्याच नीट कळत नसतील तर प्रॉब्लेम टीव्हीच्या जागेत, सेटिंगमध्ये किंवा खोलीत आहे. बातम्या स्वच्छ कळतायत आणि फक्त पिक्चर, वेबसिरीज लावली की डायलॉग दबतात, तर प्रॉब्लेम त्या कार्यक्रमाच्या ऑडिओ फॉरमॅटमध्ये असण्याची शक्यता जास्त, त्याचं खाली सांगतो. आणि सगळ्याच वाहिन्यांवर खरखर किंवा फाटका आवाज येत असेल, कमी व्हॉल्यूमलाही, तर स्पीकरच खराब असू शकतो, वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिसवाल्याला बोलवा, बाकी काही करत बसू नका.

अजून एक, टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर साधा इअरफोन लावून तोच कार्यक्रम ऐका, नसेल तर ब्लूटूथवाला जोडा. इअरफोनमध्ये सगळं छान कळलं तर टीव्हीपर्यंत येणारा आवाज चांगला आहे, बाहेर पडताना बिघडतोय. इअरफोनमध्येही तसंच असेल तर बॉक्स, ॲप किंवा सेटिंग बघायची. ह्या एका टेस्टने माझा अर्धा दिवस वाचला.

आणि एक सीन पक्का करा. एखाद्या मालिकेतला किंवा पिक्चरमधला दोन मिनिटांचा तुकडा, ज्यात हळू बोलणं आणि म्युझिक दोन्ही आहे. प्रत्येक बदलानंतर तोच तुकडा, त्याच व्हॉल्यूमला ऐकायचा. नाहीतर काय होतं, आपण पाच गोष्टी एकदम बदलतो आणि कशाने फरक पडला तेच कळत नाही. जमलं तर ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाच बसवा. आमच्याकडे परीक्षक आईच होती, मी रिमोट धरायचो आणि ती फक्त "कळलं" किंवा "नाही" म्हणायची.

दुसरी पायरी: टीव्हीची जागा

टीव्ही चालू करून आवाज नेहमीपेक्षा थोडा जास्त ठेवा आणि तळहात टीव्हीच्या खालच्या काठाजवळ धरून हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या. जिथे स्पीकर आहे तिथे हाताला हलकी थरथर जाणवते. खाली काही नसेल तर पाठीमागे हात फिरवा. आता कळलं आवाज कुठून निघतोय, मग बघा की त्याच्या समोर काय आहे.

आमच्याकडे टीव्ही शोकेसच्या फळीवर आतल्या बाजूला सरकवून ठेवलेला होता, समोर एक हातभर फळी रिकामी आणि तिच्यावर आईने विणलेला जाड रुमाल, त्यावर गणपती, फुलदाणी आणि सेटटॉप बॉक्स. स्पीकर खाली तोंड करून, म्हणजे सगळा बारीक आवाज रुमालात जिरत होता. टीव्ही फळीच्या पुढच्या कडेला आणला, कडेपासून दोन बोटं आत ठेवून, पाय घट्ट आहेत ना ते बघून, आणि रुमाल काढला. आईने लगेच मान वर केली. रुमाल काढल्याचं तिला वाईट वाटलं, तो आता फ्रीजवर आहे.

टीव्ही कपाटाच्या खणात बंदिस्त असेल तर आवाज आतच घुमतो, शक्य असेल तर बाहेर काढा, नाहीतर निदान पुढे सरकवा. भिंतीवर टांगलेला असेल आणि स्पीकर पाठीमागे असतील तर भिंत आणि टीव्हीत थोडी फट लागते, एकदम चिकटवून लावला की आवाज कोंडतो. पुढे खेचता येणारा स्टँड मिळतो, तो ह्यासाठी बरा. आणि टीव्ही फार उंचावर लावू नका, फिटिंगवाले बऱ्याचदा दरवाज्याच्या चौकटीच्या उंचीला लावून मोकळे होतात, मान पण दुखते आणि आवाज डोक्यावरून जातो.

खडखड आवाज येत असेल, विशेषतः ढोलताशा किंवा जाड आवाजाच्या वेळी, तर टीव्हीवर किंवा बाजूला ठेवलेल्या वस्तू एकेक करून उचला. काचेची फ्रेम, सैल झालेली शोकेसची काच, टीव्हीमागे लोंबणारी केबल, ह्यातलंच काहीतरी थरथरत असतं. स्पीकरच्या जाळीत धूळ बसली असेल तर टीव्ही बंद करून, प्लग काढून, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडा. पाणी, कोलीन, टाचणी काही लावू नका.

तिसरी पायरी: टीव्हीची साउंड सेटिंग

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि फुकट आहे.

सेटिंगमध्ये साउंड किंवा ऑडिओ असं पान असतं. आधी साउंड मोड बघा. नवीन टीव्ही स्टँडर्डवर येतो, घरातलं कुणीतरी पोरगं मूव्ही नाहीतर म्युझिकवर टाकतं. तिथे क्लिअर व्हॉइस, स्पीच, डायलॉग, न्यूज, व्हॉइस झूम असं काहीतरी मिळेल, कंपनीप्रमाणे नाव वेगळं, काम एकच, बोलण्याचा भाग वर उचलायचा. ते चालू करा आणि तुमचा ठरलेला तुकडा ऐका.

मग सराउंड, व्हर्च्युअल सराउंड, थ्रीडी साउंड अशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. हे मी ठामपणे सांगतो. दोन छोट्या स्पीकरांतून आजूबाजूला आवाज असल्याचा भास निर्माण करायला ते आवाज ओढूनताणून पसरवतात, आणि त्यात मधोमध येणारा डायलॉग पातळ होतो. दुकानात ऐकायला भारी वाटतं, घरी बोलणं कळत नाही. बास बूस्ट पण बंद, स्पीकरला जे झेपत नाही ते करायला लावलं की आवाज फाटतो.

आता इक्वलायझर. नाव ऐकून घाबरू नका, पाच-सात उभ्या पट्ट्या असतात आणि खाली आकडे, बऱ्याच टीव्हीत १००, ३००, १ हजार, ३ हजार आणि १० हजार हर्ट्झ. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. मी असं केलं: १०० वाली पट्टी तीन-चार घरं खाली, ३०० वाली दोन घरं खाली, १ हजारला हात लावला नाही, ३ हजारवाली तीन घरं वर, १० हजारवाली एकच घर वर. जाड आवाज खाली का नेला असं वाटेल, तर ३०० च्या आसपासच बोलण्याचा घुमटपणा असतो, तो कमी केला की मागची व्यंजनं उघडी पडतात. ३ हजारची पट्टी एकदम टोकाला नेऊ नका, स आणि श शिट्टीसारखे टोचायला लागतात आणि तासाभराने डोकं दुखतं. एकेक घर वाढवा, ऐका, टोचलं की एक घर मागे या. काही टीव्हीत इक्वलायझर फक्त स्टँडर्ड मोडमध्येच उघडतो, दिसत नसेल तर मोड बदलून बघा.

डायलॉग हळू आणि जाहिरात लागली की दणदणाट, ह्यासाठी ऑटो व्हॉल्यूम किंवा व्हॉल्यूम लेव्हलर असतो, काही ठिकाणी नाइट मोड म्हणतात. तो मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो. गाण्यांच्या कार्यक्रमाची मजा थोडी जाते हे खरंय, पण रोज मालिका आणि बातम्या बघणाऱ्या घरात हा चालूच ठेवा.

चौथी पायरी: सेटटॉप बॉक्स आणि ॲप

बॉक्सचा व्हॉल्यूम वेगळा आणि टीव्हीचा वेगळा, हे घरात बऱ्याच जणांना माहीत नसतं. बॉक्सचा आवाज तीसवर आणि टीव्हीचा नव्वदवर असेल तर पातळ सिग्नल ओढून मोठा केल्यासारखं होतं. बॉक्सचा जवळजवळ पूर्ण वर न्या, आवाज फाटला तर दोन-चार घरं खाली, आणि मग रोजचं कमीजास्त फक्त टीव्हीच्या रिमोटने करा. बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने जोडलेला असेल आणि त्याला एचडीएमआयचं पोर्ट असेल तर ती केबल घ्या, चित्रही सुधारेल.

आता पिक्चर आणि वेबसिरीजचं दुखणं. त्यांचा आवाज बऱ्याचदा ५.१ मध्ये बनवलेला असतो, म्हणजे सहा वेगळे प्रवाह: पुढे डावा, उजवा आणि मधला, मागे दोन, आणि एक फक्त जाड आवाजाचा, त्यालाच ते .१ म्हणतात. माणसांचं बोलणं जवळपास सगळं मधल्या प्रवाहात असतं. तुमच्या टीव्हीत मधला स्पीकरच नाही, दोनच आहेत, मग टीव्ही ते सगळं कोंबून दोनात बसवतो आणि ज्या बोलण्याला स्वतःचा स्पीकर मिळायचा होता ते म्युझिकच्या आणि गाड्यांच्या आवाजाच्या गर्दीत जाऊन बसतं. थिएटरमध्ये कळतं आणि घरी कळत नाही त्याचं मोठं कारण हेच.

उपाय सोपा आहे. ॲपमध्ये कार्यक्रम चालू असताना भाषा आणि सबटायटलचं बटण दाबा, काही ठिकाणी एकाच भाषेच्या दोन ओळी दिसतात, एक नुसती हिंदी आणि एक हिंदी ५.१. बाहेरचा स्पीकर नसेल तर नुसती निवडा. बॉक्सच्या सेटिंगमध्येही ऑडिओ आउटपुट असतो, तिथे डॉल्बी (५.१ सारखा आवाज पाठवायचा एक प्रकार) असेल तर स्टीरिओ किंवा पीसीएम, म्हणजे साधा दोन स्पीकरांचा आवाज, करून बघा. प्रत्येक वेळी फरक पडेलच असं नाही, पण आमच्याकडे पडला.

पेनड्राइव्हवरचा पिक्चर लावला, चित्र येतं आणि आवाजच नाही, असं झालं तर टीव्ही बिघडला म्हणून घाबरू नका. काही टीव्ही डीटीएस प्रकारचा आवाज वाचू शकत नाहीत, एवढंच. त्याच फाइलमध्ये दुसरा ऑडिओ ट्रॅक असेल तर तो निवडा.

पाचवी पायरी: खोली

खोलीच्या मध्ये उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागे टणटण असा शेपटासारखा आवाज आला तर खोली घुमतेय. आपल्याकडे गुळगुळीत फरशी, प्लास्टर केलेल्या भिंती, काचेच्या खिडक्या आणि वर स्लॅब, आवाजाला शोषून घेणारं काहीच नाही, मग तो चेंडूसारखा टप्पे घेत राहतो आणि एका शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. टीव्ही आणि बसायची जागा ह्यांच्या मध्ये सतरंजी किंवा गालिचा टाका, खिडकीला जाड पडदा लावा. कापडी सोफा, पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात घड्या घालून ठेवलेल्या गोधड्यासुद्धा काम करतात. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवायचे व्हिडिओ फिरतात, त्याच्या नादी लागू नका, बोलण्यातला घुमटपणा त्याने जात नाही.

पंखा पाचवर, किचनमध्ये मिक्सर, खिडकीतून रस्ता, हे सगळे तोच बारीक आवाज खातात. आईची खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली आणि टीव्हीपासून पार लांब भिंतीला लागून होती. ती निम्म्या अंतरावर आणली. जवळ बसलं की थेट येणारा आवाज वाढतो आणि भिंतीवरून आपटून येणारा त्यामानाने कमी वाटतो. नुसती खुर्ची हलवून एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं, पण साठवरचा व्हॉल्यूम त्या संध्याकाळी चाळिसाच्या खाली आला.

सहावी पायरी: बाहेरचा स्पीकर

इथपर्यंत करूनही समाधान नसेल तर मग स्पीकर जोडा, आणि तोही आधी घरातला. माळ्यावर जुना होम थिएटर, टू-इन-वन, कॉम्प्युटरचे स्पीकर काहीतरी पडलेलं असतंच. कॉम्प्युटरचे साधे दोन स्पीकरसुद्धा तोंड तुमच्याकडे करून टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले की टीव्हीच्या आतल्या स्पीकरपेक्षा बहुतेक वेळा साफ ऐकू येतात, कारण तोंड तुमच्याकडे आहे.

जोडायचं कसं ते टीव्हीच्या मागे काय काय भोकं आहेत त्यावर. हेडफोनचं गोल भोक असेल तर सगळ्यात सोपं, साडेतीन मिलिमीटरची पिन लावा, झालं. ते नसेल तर चौकोनी, छोटं झाकण असलेलं ऑप्टिकल पोर्ट शोधा. जुन्या ॲम्प्लिफायरला लाल-पांढऱ्या पिना लागतात, त्यामुळे मध्ये एक छोटी डबी लागते, दुकानात ऑप्टिकल टू आरसीए कन्व्हर्टर म्हणून मागा. केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची टोपी असते ती काढायची, हे लिहितोय कारण बरेच जण तशीच घुसवायला जातात. टीव्ही चालू असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला तर केबल ठीक आहे. टोकाचे दोन कोपरे कापलेले असतात, एकाच बाजूने बसतं, जोर लावू नका, केबल दुमडू नका.

सगळं जोडलं आणि तरी आवाज नाही? टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम करा. ऑटोवर असेल तर टीव्ही डॉल्बी पाठवतो आणि त्या स्वस्तातल्या डबीला डॉल्बी वाचता येत नाही, मग ती गप्प बसते नाहीतर खर्र करते. मी ह्याच्यात एक अख्खी दुपार घालवली, दोनदा केबल बदलून आणली, शेवटी एका सेटिंगवर सुटलं.

साउंडबार असेल तर एचडीएमआय एआरसी वापरा, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच साउंडबारला पाठवायची सोय. टीव्हीच्या एखाद्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी किंवा ई-एआरसी (त्याचीच नवी आवृत्ती) लिहिलेलं असतं, त्याच पोर्टला लावायचं, दुसऱ्याला लावलं तर आवाज येणार नाही. ही सोय २००९ साली एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे साध्या टीव्हीतही बहुतेक असते. टीव्हीमध्ये सीईसी (एकाच रिमोटने दोन्ही यंत्रं चालवायची सोय) चालू करा, सॅमसंगमध्ये त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. त्याने टीव्हीच्याच रिमोटवर साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो आणि टीव्हीबरोबर तो चालू-बंदही होतो. घरात म्हातारी माणसं असतील तर ह्या एका गोष्टीसाठी एआरसीवालाच घ्या, दोन रिमोट त्यांच्या हातात देऊ नका. ई-एआरसीसाठी मात्र जास्त पैसे मोजायची गरज नाही, ॲपवरचा डॉल्बी ॲटमॉस (वरूनही आवाज येतोय असं वाटायला लावणारा डॉल्बीचा प्रकार) साध्या एआरसीतूनही जातो, फक्त टीव्ही आणि साउंडबार दोघांना ॲटमॉस कळायला हवा.

ब्लूटूथने जोडणं सोपं, पण ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. गाण्यांना चालतं, मालिकेला त्रास होतो. तपासायचं असेल तर बातम्या वाचणाऱ्याच्या ओठांकडे बघा, प, ब म्हणताना ओठ मिटतात, ते उघडण्याच्या क्षणी आवाज आला पाहिजे. मागेपुढे असेल तर सेटिंगमध्ये एव्ही सिंक किंवा ऑडिओ डिले असतो, तो थोडा थोडा बदलत जा.

साउंडबार घेताना काय बघायचं

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा, दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्यात खोक्यावर पीएमपीओ (फुगवून सांगितलेली क्षणभराची ताकद) लिहिलं असेल तर तो आकडा सोडूनच द्या, आरएमएस (सतत मिळणारी ताकद) किती ते विचारा.

बघायचा तो दुसरा आकडा, २.०, २.१, ३.१ वगैरे. पहिला आकडा मुख्य स्पीकर किती, दुसरा सबवूफर म्हणजे जाड आवाजाचा वेगळा डबा आहे का. बहुतेक लोक २.१ घेतात कारण सोबत मोठा डबा मिळतो आणि दणका बसतो. तुमची तक्रार डायलॉगची असेल तर ३.१ बघा, त्यात मधला स्पीकर वेगळा असतो आणि बोलणं तिथूनच येतं, शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये मधल्या स्पीकरचा आवाज एकट्याचा वाढवता येतो. महाग पडतो, पण तेवढे पैसे नसतील तर मोठ्या डब्याच्या २.१ पेक्षा साधा २.० घेतलेला बरा, ज्याला व्हॉइस मोड आहे. हे माझं मत, दुकानदार पटवून घेणार नाही, कारण दुकानात ते धांगडधिंगा गाणं लावून दाखवतात. तुम्ही त्यांना बातम्या लावायला सांगा, आणि ज्यांच्यासाठी घेताय त्यांना सोबत न्या.

उंची मोजून घ्या. टीव्हीच्या खाली जागा किती आणि बारची उंची किती, नाहीतर तो चित्राची खालची पट्टी आणि रिमोटचा सेन्सर दोन्ही झाकतो. घरी ठेवताना फळीच्या कडेला, तोंड पुढे. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की जाड आवाज वाढतो, फ्लॅटमध्ये राहत असाल तर कोपऱ्यापासून लांब आणि खाली जाड रबर किंवा फोम, खालच्या मजल्यावर सगळ्यात आधी तोच पोचतो. बाहेरचा स्पीकर चालू झाला की टीव्हीचा आतला बंद करा, दोन्ही चालू राहिले तर थोड्या पुढेमागे येणाऱ्या आवाजाने आणखी घोळ होतो. आणि टीव्हीत केलेली इक्वलायझरची सेटिंग बाहेरच्या स्पीकरला बहुतेक वेळा लागू होत नाही, बारवरचा व्हॉइस मोड वेगळा चालू करायचा.

कानाबद्दल

बातम्या स्वच्छ लावल्या, बाकी घराला कळतंय आणि एकालाच नाही, फोनवरही ते "काय?" म्हणून परत विचारतात, असं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घ्या. त्यात दुखत वगैरे काही नाही, हेडफोन लावून बारीक जाड आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. आईला नेलं होतं. तिचे बारीक आवाज थोडे कमी झालेत, वयाप्रमाणे, मशीनची गरज नाही म्हणाले. पण ते कागदावर बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं, कारण तोपर्यंत ती स्वतःलाच दोष देत होती. घरच्यांनी "तुला ऐकूच येत नाही" असं चिडून बोलू नका, खूप लागतं ते.

आमच्याकडे साउंडबार घेतलाच नाही. टीव्ही पुढे, रुमाल फ्रीजवर, सराउंड बंद, इक्वलायझर, खुर्ची जवळ, फरशीवर सतरंजी, आणि रात्री आप्पा झोपल्यावर बघायला माळ्यावरचे जुने कॉम्प्युटर स्पीकर आईच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर लांब वायरीने. कानाजवळ असल्यामुळे आवाज अगदी हळू ठेवला तरी पुरतो.

सगळं मनासारखं झालं की साउंडच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, इक्वलायझरचा तर नक्की. टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर कधीकधी सेटिंग परत मूळपदावर जातात, आमच्याकडे दोनदा झालं, दोन्ही वेळा आईला फोटो पाठवला आणि तिने फोनवर विचारत विचारत पट्ट्या स्वतः परत लावल्या.